त्रेचाळीस चिठ्ठ्या, एक पत्ता

नलू पेडणेकरच्या लक्षात नावं राहत नाहीत. कोणाच्या डाव्या भुवईत खोक होती, कोणाच्या हनुवटीवर तीळ होता, कोणाचा एक कान दुसऱ्यापेक्षा खाली होता, हे मात्र ती चाळीस वर्षांनंतरही सांगते. अठराव्या वर्षापासून ती लालबागच्या बाप्टिस्ट फोटो स्टुडिओत रिटचिंगला बसायची. उतरत्या लाकडी टेबलात दुधी काच, काचेखाली आरसा, काचेवर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये केस पांढरे दिसतात आणि चेहरा काळा. चेहऱ्यावरचा खड्डा तिथे उजळ ठिपका होऊन येतो. तो ठिपका पेन्सिलीने इतक्या हलक्या हाताने भरायचा की कागदावर फोटो उमटल्यावर खड्डाही दिसू नये आणि पेन्सिलही. काळाचौकीपासून परळपर्यंतच्या कितीतरी मुलींचे स्थळासाठी पाठवायचे फोटो नलूच्या हाताखालून गेले. तिचा स्वतःचा तसा फोटो कधी निघाला नाही.

बाप्टिस्ट अंकल गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, पॉलीन आंटीने, दुकानाची किल्ली नलूच्या हातात दिली आणि स्वतः बहिणीकडे वसईला गेल्या. नलूने पाटी बदलली नाही. पेन्सिलीची जागा कम्प्युटरने घेतली, ती तोही शिकली. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे, एकसष्टी यांवर दुकान चालत राहिलं.

मग गेल्या जूनमध्ये नोटीस आली. इमारत पाडून नवीन बांधायची होती. तुळशीच्या लग्नानंतर गाळा रिकामा करायचा आणि तीन वर्षं शीवला, बिल्डरने दिलेल्या तात्पुरत्या गाळ्यात बसायचं. नलूला गाळ्याची काळजी नव्हती. लालबागचा माणूस पासपोर्ट फोटो काढायला शीवला जात नाही, ही काळजी होती. तीन वर्षांत लोक दुसरं दुकान शोधतात आणि मग त्यांना तेच बरं वाटू लागतं. एकोणसाठाव्या वर्षी नव्या वस्तीत नवी गिऱ्हाईकं जमवायची ताकद आपल्यात नाही, हे ती स्वतःशी कबूल करून बसली होती. लालबागची माणसं शीवपर्यंत आली तर दुकान राहणार होतं, नाहीतर बाप्टिस्टांची पाटी उतरणार होती.

"यादी कर, आत्या," श्रेया म्हणाली. "ईमेलची."

श्रेया नलूच्या भावाची मुलगी. प्रभादेवीच्या एका ऑफिसात तिचं कामच लोकांना मेल पाठवायचं.

"व्हॉट्सअ‍ॅप आहे की."

"तू ग्रुप काढणार, लोक त्यात गुड मॉर्निंगचे गुलाब टाकणार, आठ दिवसांत सगळ्यांचं म्यूट. मेलचं तसं नाही. माणसाने आपणहून पत्ता दिलेला असतो. दुकान शीवला जाऊ दे नाहीतर चंद्रावर, यादी तुझ्याकडेच."

"आणि पत्ता का देतील मला? मी कोण लागून गेले?"

श्रेया उठून दुकानाच्या मागच्या भागात गेली. तिथे चार लोखंडी कपाटं होती. आत निगेटिव्हची पाकिटं, प्रत्येकावर नाव, चाळ आणि महिना-साल, बाप्टिस्टांच्या तिरक्या अक्षरात.

"ह्यांचं काय करणार आहेस?"

"नेणार बरोबर."

"मग ह्यातलंच दे ना त्यांना."

असं ठरलं. काउंटरवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. नाव, चाळ, फोटो कधी काढला त्याचा अंदाज आणि ईमेल लिहा, तुमचा जुना फोटो शोधून मेलवर फुकट पाठवू. शिवाय यादीतल्या सगळ्यांना दर रविवारी एक मेल जाणार होता. एक जुना फोटो आणि त्याखाली नलूच्या चार ओळी. पहिल्या रविवारी तिने स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्याबद्दल लिहिलं. पडद्यावर तळं आणि दोन हंस होते. एका हंसाची मान एका मिठाईवाल्याच्या पोराने पेढ्याचा हात पुसून मळवली होती, त्यामुळे पुढची वीस वर्षं सगळ्या नवरा-बायकोंना त्या हंसासमोर उभं करावं लागलं. बदलापूरहून एकाने लगेच उलट लिहिलं, "ते पोर मी."

श्रावणापर्यंत चिठ्ठ्या झाल्या एकशे अठ्ठेचाळीस. रविवारी श्रेया येऊन त्या मेलच्या वेबसाइटवर चढवायची.

"एकशे सहाच दाखवतंय," ती म्हणाली.

"बेचाळीस माणसं गेली कुठे?"

"कुठे नाही गेली. हा एकच पत्ता बघ, त्रेचाळीस चिठ्ठ्यांवर आहे. साइट एक पत्ता एकदाच घेते."

नलूने चिठ्ठ्या पाहिल्या. सगळ्या घोडपदेवच्या भाग्योदय चाळीतल्या. तिला आठवलं, त्यातल्या निम्म्या तिनेच लिहून घेतल्या होत्या. ईमेल विचारला की त्या बायका म्हणायच्या, "प्राचीचा लिही." आणि तो पत्ता त्यांना तोंडपाठ असायचा. प्राची चाळीतच राहणारी, पतपेढीत कारकून. गॅसचा फॉर्म, पॅन कार्ड, गिरणी कामगारांच्या घरांची सोडत, सगळ्या चाळीचे अर्ज ती भरून द्यायची आणि ईमेलच्या रकान्यात स्वतःचा पत्ता टाकायची. दहा-बारा वर्षांत तोच चाळीचा पत्ता झाला होता.

"माणसं वेगळी आहेत पण," नलू म्हणाली.

"कम्प्युटरला माणसं कुठे दिसतात, आत्या? पत्ता दिसतो."

नलूने त्या त्रेचाळीस चिठ्ठ्या रबर लावून वेगळ्या ठेवल्या.

त्यातली एक चिठ्ठी सुभद्रा घाडीची होती, शेजारणीबरोबर पाठवलेली. माहेरची सुभद्रा गावडे, काळाचौकी, स्थळाचा फोटो, साल चौऱ्याऐंशी. नलूला पाकीट शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. हे निगेटिव्ह ती कधीच विसरणार नव्हती. तिने ते स्कॅन केलं आणि त्या रविवारच्या मेलमध्ये लिहिलं:

"ही सुभद्रा गावडे, म्हणजे आताच्या घोडपदेवच्या सुभद्राताई घाडी. स्थळासाठी फोटो काढायला आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. मी मोजले होते, सव्वीस. तीन दिवस बसून मी ते एकेक करून भरले. बाप्टिस्ट अंकलनी भिंग लावून पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्या कामात चूक काढली नाही."

श्रेयाने वाचून पाठवून दिलं. आतापर्यंतच्या मेलमध्ये हाच सर्वांत जास्त लोकांनी उघडला. दोघांनी आपले जुने फोटो दुरुस्त करून मिळतील का विचारलं. एकाने आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या फोटोची वेळही घेतली. "बघ, चाललं," श्रेया फोनवर म्हणाली.

सोमवारी साइटवर आकडा एकशे पाच होता.

"एक कमी झालं, त्यात काय," श्रेया म्हणाली. "दर मेलला एखाददुसरं जातंच. ते मनाला लावून घ्यायचं नसतं."

नलूने गेलेला पत्ता पाहिला. तो तिनेच वीसेक वेळा लिहिला होता. तिने ड्रॉवरमधल्या त्रेचाळीस चिठ्ठ्या काढल्या, सुभद्राच्या निगेटिव्हचं पाकीट पिशवीत टाकलं, दुकानाला कुलूप लावलं आणि काळाचौकीवरून चालत घोडपदेवला गेली.

भाग्योदय चाळीच्या तोंडाशी गणेशोत्सव मंडळाचा फळा होता. एरवी त्यावर पाण्याची वेळ, कोणाच्या बाराव्याची सूचना, क्रिकेटच्या टीमची नावं असायची. आता फळा पुसलेला होता, पण ओल्या फडक्याने घाईत पुसलेला. वरच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं "बाप्टिस्ट स्टुडिओ, रविवारचं पत्र" एवढं शिल्लक होतं.

नलू तिथेच उभी राहिली.

प्राची पतपेढीतून यायची होती, म्हणून ती पायरीवर बसली. साडेसहाला प्राची आली. पंचेचाळिशीची, खांद्याला डब्याची पिशवी. तिने नलूला ओळखलं, पण हसली नाही.

"माझा तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली. "मीपण येडीच. दर रविवारी तुमचं पत्र आलं की मी ते फळ्यावर उतरवते. सगळ्यांनी माझा पत्ता दिलाय, मग मी एकटीने वाचून कसं चालेल? त्या हंसाच्या वेळी तर लोक दात काढून हसत होते. ह्या वेळी मी अक्षर बघत लिहीत गेले, अर्थ बघितला नाही. सव्वीस लिहून झालं आणि मागे बघितलं तर दहा जण उभे. सुभद्रामामी त्यातच, दुधाची पिशवी हातात."

"काय म्हणाली?"

"काही नाही. वर गेली. कालपासून नळावर आली नाही. मग मी तुमचं पत्र बंदच करून टाकलं. मला नको ते."

"मला वाटलं, मेल म्हणजे ज्याचं त्याला जातं. पाकिटासारखं," नलू म्हणाली.

"चाळीत पाकीट कोणाचं असतं का?" प्राची म्हणाली. मग जराशाने, "दुसऱ्या माळ्यावर. सत्तावीस नंबर."

दार सुभद्रानेच उघडलं. नलूने चाळीस वर्षांनी तो चेहरा पाहिला. पहिल्यांदाच सुलटा, उजेडाच्या जागी उजेड असलेला. वण आता सुरकुत्यांत मिसळले होते. आतल्या बाजूला तिचा नवरा लवू खाटेवर बसून लसूण सोलत होता. गिरणी बंद पडल्यावर त्याने बरीच वर्षं वॉचमनची नोकरी केली, आता घरीच असायचा.

"मी नलू. स्टुडिओतली."

"वळखलं. ये आत," सुभद्रा म्हणाली. तिने पंखा लावला, पाणी दिलं आणि समोर बसली.

"चुकलं माझं," नलू म्हणाली. "मी माझ्या कामाची बढाई मारत बसले. तोंड तुझं होतं, हे डोक्यातच आलं नाही."

सुभद्रा पदराशी खेळत राहिली. "चाळीस वर्षं सगळी चाळ माझं तोंड बघते गो. कोणापासून काय लपलंय? पण मोजत कोण बसलं नव्हतं. काल खालचा पोरगा माझ्याकडे बघून ओठ हलवत होता. मोजत होता मेला."

नलूने मान खाली घातली.

"आणि सव्वीस नाय," सुभद्रा म्हणाली. "सत्तावीस. एक केसांत आसा. तो तुका गावलो नाय."

खाटेवरून लवू खोकल्यासारखा हसला. "ह्या बाईच्या पेन्सिलीपायी माझं लग्न मोडणार होतं, म्हायत आहे?"

"झालं सुरू," सुभद्रा म्हणाली.

"सांगू दे. मामाने फोटो आणला. मी बघितला आणि म्हटलं, नको. एवढी देखणी पोरगी माझ्यासारख्या बदली कामगाराला काय म्हणून करून घेईल? उगाच जाऊन नकार ऐकायचा. मामा मागेच लागला म्हणून बघायला गेलो. ही पोहे घेऊन आली. तोंड बघितलं आणि जीव भांड्यात पडला. म्हटलं हां, आता जमेल."

"ऐकलंस? चाळीस वर्षं हेच ऐकते मी," सुभद्रा नलूला म्हणाली, पण तिचा आवाज आता पहिल्यासारखा ताठ नव्हता. नलूने पिशवीतलं पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं.

"हे तुझं. तुझ्याकडेच असू दे."

सुभद्राने निगेटिव्ह खिडकीकडे धरून पाहिलं. काळा चेहरा, पांढरे केस. "ह्यात काय समजत नाय," ती म्हणाली. "तू पेन्सिल लावायच्या आधी मी कशी होते गो? घरात तळहाताएवढा आरसा, त्यात एक गाल दिसायचा नाहीतर दुसरा. फोटो पहिला तो हाच. लग्नातल्या फोटोंवरपण तूच पेन्सिल घेऊन बसली होतीस. ती पोरगी मी बघितलीच नाय कधी."

रिटचिंगची पेन्सिल निगेटिव्हवर कायमची बसत नाही. खाली पातळ वार्निशचा थर असतो, त्यावर ती धरते, आणि टर्पेन्टाइनच्या कापसाने थर निघाला की पेन्सिलही जाते. खालचा चेहरा जसाच्या तसा असतो. पण बाप्टिस्टांनी भिंग लावूनही ज्यात चूक काढली नाही, असं ते नलूचं पहिलं काम होतं.

"उद्या दुकानात ये," ती म्हणाली. "दाखवते."

दुसऱ्या दिवशी सुभद्रा आणि लवू दोघं पाकीट घेऊन आली. सुभद्रा ठेवणीतली साडी नेसली होती. मागे प्राचीही होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. नलूने जुनं टेबल पुसून ठेवलं होतं. तिने काचेवर निगेटिव्ह ठेवलं, कापसाच्या बोळ्याला टर्पेन्टाइन लावलं, आणि हात क्षणभर तसाच धरला.

"तुझी तीन दिवसांची मेहनत ना?" सुभद्राने विचारलं. "नको वाटत असेल तर राहू दे."

"गप बस," नलू म्हणाली आणि कपाळापासून पुसायला सुरुवात केली. कापूस राखाडी झाला. तिने दुसरा बोळा घेतला. दोन मिनिटांत काम संपलं.

निगेटिव्ह वाळल्यावर तिने स्कॅन केलं. पडद्यावर एकोणीस वर्षांची मुलगी आली. मान थोडी कलती, डोळे कॅमेऱ्याच्या थोडे वर, गालांवर आणि कपाळावर वण. सुभद्रा खुर्ची ओढून जवळ बसली. सगळ्यांत आधी तिला कानांतले डूल दिसले.

"आईचे. नंतर मोडले." बोट उचलून तिने पडद्यावर केसांच्या कडेला टेकवलं. "हा बघ. सत्तावीसावा."

"हां," नलू म्हणाली. "सुटला होता."

"बरी होते की गो."

"मी काय सांगत होतो?" लवू म्हणाला.

"तू जीव भांड्यात पडला म्हणून सांगत होतास." सुभद्राने डोळे पुसले आणि प्राचीकडे वळली. "आता हा लाव फळ्यावर. पण मी सांगीन ते लिहायचं. आणि पयला माझ्याकडे येऊ दे, मी बघीन, मग फळा."

"तुझ्याकडे कुठून येणार, मामी? तुझा पत्ता माझाच."

"मग मला काढून दे."

सुभद्राच्या मुलाने तिला घेऊन दिलेला फोन पिशवीत होता. प्राचीने काउंटरला टेकून त्यावर तिला ईमेलचा पत्ता काढून दिला. पासवर्ड काय ठेवायचा यावर दहा मिनिटं गेली, कारण लवू सुचवत होता ते सगळं चाळीला माहीत होतं. मग प्राचीने तो यादीत घातला आणि स्वतःच्या फोनवरून आपलाही पत्ता पुन्हा घातला. त्या संध्याकाळी साइटवर आकडा एकशे सात होता.

पुढच्या रविवारी फोटोखाली सुभद्राने सांगितलेल्या ओळी गेल्या: "ही मी, एकोणीस वर्षांची. डूल आईचे. आधीच्या पत्रात आकडा चुकला होता."

त्यानंतर नलूने नियम केला. फोटोतल्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय फोटो लावायचा नाही, आणि काय लिहिलंय ते आधी त्यांना वाचून दाखवायचं. श्रेया कुरकुरली. "एकेकाच्या दारी जाऊन विचारत बसलीस तर यादी वाढणार कधी?" खरंच, पुढचे दोन रविवार विचारून झालं नव्हतं म्हणून नुसत्या रिकाम्या स्टुडिओचा फोटो गेला. पण नलू दारोदारी जात होती तेव्हा पिशवीत चिठ्ठ्याही असायच्या. शेजारी डोकावायचे, आपलंही पाकीट असेल का विचारायचे. जिथे सगळी चाळ एकाचाच पत्ता द्यायची तिथे ती तो मुकाट्याने लिहून घ्यायची आणि शेवटी त्या एकाला भेटून सांगायची, तुमच्याकडे एवढी घरं आहेत, जपून वाचा. घोडपदेवसारखे आणखी दोन फळे तिला असेच सापडले. तुळशीचं लग्न झालं तेव्हा साइटवर दोनशे एकतीस पत्ते होते. घरं किती, हे नलूच्या वहीत वेगळं होतं.

शीवचा गाळा लालबागच्या निम्मा निघाला. चार कपाटं आत गेल्यावर पडद्याला जागा उरेना, तेव्हा हंसांचा पडदा एका हंसावर दुमडून लावला. मळक्या मानेचा दुमडीत गेला. पहिल्या रविवारच्या मेलमध्ये नवा पत्ता होता, बसचे नंबर होते आणि बाप्टिस्टांची पाटी भिंतीवर चढतानाचा फोटो होता. त्याला कोणाला विचारायला लागलं नाही.

नलूने दहाला शटर वर केलं. पावणेअकरापर्यंत समोरच्या इस्त्रीवाल्याखेरीज कोणी डोकावलं नाही. तिने खुर्ची दोनदा पुसली. मग काळाचौकीहून एक मुलगी पासपोर्ट फोटोला आली, मग परळहून कडेवर बाळ घेतलेलं जोडपं. एक वाजेपर्यंत अकरा जण झाले. लालबागला रविवारी साधारण तेवढेच यायचे.

अकरांत लवू आणि सुभद्रा होती. दोघांना जोडीचा फोटो हवा होता. नलूने त्यांना उरलेल्या हंसासमोर उभं केलं, दिवे लावले, तीन फोटो घेतले आणि एक कम्प्युटरवर मोठा करून पाहायला बसली. माउसवरचा हात सवयीने सुभद्राच्या गालाकडे गेला. तिथे ती थांबली.

"हात फिरवू का जरासा?" तिने विचारलं.

सुभद्रा चष्मा लावून पुढे वाकली. "माझ्या तोंडाला हात लावू नको," ती म्हणाली. "ह्याच्या कानातले केस तेवढे काढ."